निनावी पत्र कुणी लिहिलं?

उचगाव
११ जुलै २००४

ती. अक्का,

नमस्कार. पत्र बघून तुला नवल वाटेल. दिवाळीच्या चार ओळी सोडल्या तर मी तुला कधी लिहीत नाही, आणि तूही नाहीस. फोनच करणार होते. पण आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि मी बोलायला लागले की हे हातातला पेपर खाली ठेवून ऐकतात. म्हणून लिहायला बसले.

तू आठ वाजताची ‘दोन दारांचं घर’ बघतेस का? इथं आमची गल्ली त्या अर्ध्या तासात रिकामी असते. शेजारच्या धोंडुबाईच्या टीव्हीला मुंग्या येतात, म्हणून ती आणि बायडाबाई आमच्याकडंच येऊन बसतात. आधी मीही आपली भाजी निवडत बघत होते. गेल्या सोमवारपासून भाजी बाजूला राहिलीय.

त्यात दोन बहिणी आहेत. थोरलीला बघायला मुलगा येतो. पसंती होते, सुपारी फुटते. पंधरा दिवसांनी मुलाच्या घरी निनावी पत्र येतं, की थोरलीला फिट येते. मुलाचा बाप येऊन सांगतो, आम्हाला धाकटी चालेल. धाकटीचं लग्न होतं आणि थोरली माहेरात राहते.

अक्का, हे आपलंच घर आहे. ती थोरली तू, धाकटी मी, आणि तो मुलगा म्हणजे हे. फिट हा शब्दसुद्धा तोच. अप्पा-अव्वा गेले. भाऊ म्हणून एक अमरेश, तो तेव्हा लहान होता. मग मुंबईच्या लोकांना हे सांगितलं कुणी? मी तुझ्यावर संशय घेत नाही, फक्त विचारते. बायका वाहिनीला पत्रं पाठवतात, त्यात आपली कहाणी लिहितात म्हणे. तू कधी काही लिहिलंस का?

पत्र कुणी लिहिलं ते अजून दाखवलेलं नाही. वाहिनीनं प्रेक्षकांची मतं मागवलीत, कार्डावर कळवा म्हणून. धोंडुबाई सगळ्या गल्लीची मतं गोळा करत फिरतेय. तिचं मत काकू. म्हणते, ‘टिकली बघा की तिची. सरळ बाई एवढी मोठी टिकली लावत्याय व्हय?’ बायडाबाईला वाटतं, आईनंच लिहिलं. मला विचारलं, तर मी म्हटलं, मला न्हाय कळत.

ह्यांना मालिका आवडत नाही. तरी ती लागली की उठून जात नाहीत, पेपर तोंडापुढं धरून बसतात.

उत्तर पाठव.

तुझी शिवलीला


आजरा
२० जुलै २००४

चि. शिवलीला,

पत्र पोचलं. मालिका मी बघते. दुपारी परत दाखवतात तेव्हा. काजू सोलायला आठ बायका येतात, त्यांनीच टीव्ही शेडमध्ये आणायला लावला. बघता बघता हात चालतात, माझी तक्रार नाही.

मी कुणाला काहीही लिहिलेलं नाही. माझी गोष्ट सांगायची असती तर तीस वर्षांपूर्वी सांगितली असती, तेव्हा ऐकून घेणारं कुणी नव्हतं. आणि थोरलीला ठेवून धाकटीला उजवलं, असं होणारं आपलं एकच घर नाही. मालिकावाल्यांना त्यासाठी आजऱ्यापर्यंत यायची गरज नाही. तुला मात्र ती गोष्ट आपलीच वाटली, आणि लगेच कागद घ्यावासा वाटला.

मतं तू विचारली नाहीस, तरी इथली सांगते. चिमणाबाई म्हणून माझ्याकडं जुनी बाई आहे. ती म्हणाली, ‘आक्का, ह्यात डोकं काय लावायचं? नवरा कुणाला गावला? धाकटीला. मग पत्र कुणी लिवलं?’ बाकीच्या सातही जणी व्हय व्हय म्हणाल्या. आपण कुणाच्या शेडमध्ये बसून बोलतोय हे त्यांना माहीत नाही. मी काजूचे गर निवडत राहिले.

धोंडुबाईला तू ‘मला न्हाय कळत’ का म्हणालीस? लहानपणापासून तुझं मत सगळ्यांच्या आधी तयार असायचं.

दुसरं, अमरेशच्या शांभवीला संकेश्वरचं स्थळ आलंय. पोरगी डी.एड. झाली, राधानगरीकडं शाळेत लागलीय. मुलगा बँकेत आहे. पुढच्या महिन्यात बघायला येतील.

अक्का


उचगाव
२९ जुलै २००४

अक्का,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिमणाबाईच्या तोंडून तू मला विचारतेयस, एवढं कळण्याइतकी मी शहाणी आहे. सरळ विचारायचं होतंस.

मग मीही सरळच लिहिते. मला तीस वर्षं वाटतंय, की ते पत्र तूच लिहिलंस. तुला डी.एड. करायचं होतं. लग्नाचं ठरल्यावर तू दोन दिवस जेवली नव्हतीस. अप्पांच्या तोंडावर नको म्हणायची तुझी हिंमत झाली नाही, म्हणून असं केलंस, आणि तू टाकलेलं स्थळ माझ्या ताटात आलं. मी अठरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं होतं का? मांडवात तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि माझ्याकडं बघत नव्हतीस. तेव्हाच मी मनात म्हटलं, हिनंच केलंय, आता हिला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

धोंडुबाईला मी काय सांगणार होते? माझं मत थोरली, असं? ते सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

आणि एक. तुझ्या पाकिटाचा कोपरा उचकटून परत चिकटवल्यासारखा होता. तुमच्याकडं कुणी वाचतं काय? शांभवीच्या हाती पत्र पोस्टात देऊ नकोस. स्वतः टाक.

शिवलीला


आजरा
१६ ऑगस्ट २००४

शिवलीला,

शांभवीच्या हाती मी पत्र दिलं नव्हतं. स्वतः पोस्टात जाऊन टाकलं, आणि पाकीट नीट चिकटवलं होतं. वाचत असेल तर ते तुमच्या बाजूला.

काल संकेश्वरचे आले होते. पोहे खाल्ले, शांभवीला चार प्रश्न विचारले. मग मुलाचे चुलते अमरेशला म्हणाले, ‘तुमच्या घरात फिटचं काय हाय असं ऐकलं. आत्याला येतीय म्हणं. पोरीला न्हाय न्हवं?’ मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अमरेशची मान खाली. कुणीतरी असं काहीतरी म्हणालं होतं एवढंच त्याला माहीत. मी बाहेर आले आणि म्हटलं, मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. ते हसून म्हणाले, ‘तुम्ही तसंच म्हणणार की आक्का.’ आता बुधवार, २२ सप्टेंबरला परत येतो म्हणालेत. तोपर्यंत आणखी चौकशी करणार.

तुझ्या लग्नानंतर मला तीन स्थळं आली होती. तिन्ही ह्याच शब्दावर गेली. नंतर यायची थांबली. मला वाटलं होतं, जे व्हायचं ते माझ्यापुरतं झालं. आता तो शब्द पोरीच्या मागं लागलाय.

म्हणून आज लिहायचं ते लिहिते. मी दोन दिवस जेवले नव्हते ते डी.एड.साठी नव्हे. मला लाज वाटत होती, आणि आनंदही झाला होता. राजशेखर मला पसंत होते. हे मी कुणाजवळ बोललेले नाही, आज तुला लिहितेय.

सातवीत असताना आपल्या परड्यात मला उन्हानं एकदा चक्कर आली होती. चक्कर, फिट नव्हे. ते घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. अप्पा, अव्वा आणि तू. अप्पा पोरीचं वाटोळं करणार नाहीत. अव्वाला लिहिता येत नव्हतं. मग राहिलं कोण? हा हिशेब मी तीस वर्षं पुन्हा पुन्हा करतेय, आणि दर वेळी तूच उरतेस.

अप्पांची आठवण काढून लिही. तू लिहिलंस की नाही?

अक्का


उचगाव
७ सप्टेंबर २००४

ती. अक्का,

उत्तराला उशीर झाला. नुसतं ‘नाही’ लिहून तू विश्वास ठेवला नसतास. आता लिहायला आणखी काही आहे.

पंधरा दिवसांमागं धोंडुबाई कार्ड घेऊन आली. सगळ्यांची मतं झाली होती, हे एकटे राहिले होते. ती म्हणाली, ‘अण्णा, तुमचं मत सांगा की. कुणाचं नाव लिवू?’ हे पेपरातनं मान वर न करता म्हणाले, ‘कुणाचंच न्हाय. पत्र आलंच न्हाय. पोरानंच बापाला सांगितलं आसंल, पत्र आलतं म्हणून. त्याला धाकटी पायजे हुती.’ धोंडुबाई हसली. ‘असलं डोकं गड्याचंच चालतंय,’ म्हणाली आणि तसंच लिहून घेतलं. आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

गेल्या शुक्रवारी मालिकेत उघड झालं. पत्र काकूनंच लिहिलं होतं. धोंडुबाई लढाई जिंकल्यासारखी घरी गेली. बायडाबाई म्हणाली, असलं सोपं दाखवायचं होतं तर दोन महिने ताणलं कशाला.

त्या गेल्या आणि मी तिथंच बसून राहिले. ह्यांचं मत चुकलं, तसं धोंडुबाई सोडून सगळ्यांचंच चुकलं. पण बाकीच्यांनी आपापली मतं मालिका बघून काढली होती. कुणी टिकली बघितली, कुणी आईची नजर बघितली. मालिकेतला तो मुलगा तर बिचारा रडतो, थोरलीला चोरून भेटायला जातो. त्याच्याकडं बोट दाखवावं असं त्यात काहीच नव्हतं. मग ह्यांना हे सुचलं कुठून? शनिवार, रविवार मी हेच डोक्यात घेऊन भाकऱ्या थापल्या.

काल सोमवार. दुकान बंद, हे घरीच. चहा देऊन समोर बसले आणि विचारलं, ‘आपल्या लग्नाच्या वेळचं ते पत्र तुम्ही बघितलं होतं का?’

‘कुठलं पत्र?’

‘अक्काच्या फिटचं.’

‘दादांनी बघितलं आसंल.’ म्हणजे मामंजींनी.

मी म्हटलं, ‘मामंजी जायच्या आधी मला म्हणाले होते, की मी काय ते पत्र बघितलं न्हाय, राजूनं नुसतं सांगितलं.’

अक्का, हे मी खोटं बोलले. मामंजी मला असं काही म्हणाले नव्हते. पण ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘एवढ्या वर्सांनी तुला काय करायचंय ते?’

‘म्हणजे पत्र नव्हतं.’

‘न्हवतं.’

मग सगळं बाहेर आलं. बघायला आले त्या दिवशी ह्यांना मी आवडले. बापापुढं तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून आठ-दहा दिवसांनी सांगितलं, दुकानाच्या पत्त्यावर निनावी पत्र आलं, रागानं फाडून टाकलं. मामंजींनी पोराच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपल्या अप्पांनी मामंजींच्या. कागद कुणीच मागितला नाही.

मी विचारलं, ‘आणि फिट कुठनं काढली?’

तर म्हणाले, ‘तूच म्हणालतीस की. मला पाणी देताना. मांडव दारात घालू नका, अक्काला उन्हात चक्कर येती. मी चक्करची फिट केली, एवढंच.’

एवढंच, असं म्हणाले. आणि वर, ‘तुझं काय वाईट झालं? संसार केलास न्हवं?’

अक्का, मी ते वाक्य बोलले होते का, मला आठवत नाही. बोलले असेन. मी अशीच होते, पाहुण्यांसमोर काहीही बडबडायची. तू हिशेब केलास, तो एवढ्यापुरता बरोबर निघाला. माझ्या तोंडूनच गेलं.

पाकिटंही हेच उघडत होते. पोस्टमन दुपारची डाक दुकानात टाकतो. मालिकेत ते निनावी पत्र आल्यापासून त्यांना धास्ती होती, आपण दोघी बोलता बोलता कुठं पोचतोय याची. म्हणून तर आठ वाजता उठून जात नव्हते. तुझं पुढचं पत्र धोंडुबाईच्या पत्त्यावर पाठव.

मला इतकी वर्षं वाटत होतं, मी दुसऱ्याच्या उरलेल्यावर जगतेय. आता कळलं, मला निवडलेलं होतं. एखादी बाई ह्यानं खूश झाली असती. मी सकाळपासून त्यांना ताट वाढतेय आणि त्यांच्या हाताकडं बघवत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघते. जे लिहिशील ते ऐकून घेईन.

शिवलीला


आजरा
१३ सप्टेंबर २००४

चि. शिवलीला,

पत्र वाचलं आणि बायकांना घरी जायला सांगितलं. तब्येत बरी नाही म्हटलं. चिमणाबाई दोनदा मागं वळून बघत गेली.

तू ते वाक्य बोलली होतीस. मी आतल्या दाराशी होते, मला ऐकू आलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं, की एवढ्या गडबडीत हिला माझं ऊन आठवलं. नंतर पत्राचं कळल्यावर तेच वाक्य मी तुझ्याविरुद्ध धरलं. जिला चक्कर माहीत, तिनंच फिट लिहिली. तुझ्याकडून गेलं ते मायेनं गेलं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी दुसरं मानलं. ते मानायला सोपं होतं. ज्यांना पसंत केलं होतं, त्यांच्यावर संशय घ्यायचं मनात आलं नाही.

आता ऐक. २२ तारखेला सकाळी अकराला संकेश्वरचे येणार आहेत. राजशेखरना इथं पाठव. स्थळ जुळवणारे सिद्धाप्पाकाका अजून आहेत. तुझ्या सासऱ्यांबरोबर ते पत्राचं सांगायला आले होते, त्यांनाही बोलावते. त्यांच्यासमोर आणि संकेश्वरच्यांसमोर झालं ते राजशेखरनी सांगावं. माझी माफी मागू नये. ती मागितली की माणसं म्हणतात, झालं, मिटलं. मला ते नको. फक्त पत्र नव्हतं, हे त्यांच्या तोंडून चारचौघांत पाहिजे.

आले नाहीत तर तुझ्यावर राग नाही. तुझं घर तू मोडू नकोस.

अक्का


उचगाव
१८ सप्टेंबर २००४

ती. अक्का,

घाईत लिहितेय. आधी नाही म्हणाले. वय झालं, लोक काय म्हणतील, दुकान कोण बघणार, सगळं म्हणून झालं. मी म्हटलं, तुम्ही गेला नाही तर मी जाऊन सांगते. शिवाय धोंडुबाईलाही सांगते, की अण्णांचं मत मालिकेबद्दल चुकलं पण आपल्या घराबद्दल बरोबर होतं. काल रात्री जेवताना म्हणाले, ‘गाडी कितीची हाय?’

बुधवारी येतायत. मी येणार नाही. मी आले तर माझ्याकडं बघून बोलतील. त्यांनी तुझ्याकडं बघून बोलावं.

शिवलीला


आजरा
२४ सप्टेंबर २००४

चि. शिवलीला,

राजशेखर आले. घरी येऊन तुला काय सांगितलं असेल माहीत नाही, म्हणून मी लिहिते.

संकेश्वरचे तिघं होते, मुलगाही होता. अमरेशनं सगळ्यांना बसवलं. राजशेखर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, चहाला हात लावला नाही. मी ओळखलं नसतं, इतके वाळलेत. मी समोर बसले. म्हटलं, बोला.

त्यांनी सांगितलं. आवाज बारीक होता, पण काही चोरलं नाही. पत्र आलं नव्हतं, मी वडिलांशी खोटं बोललो, अक्कांना कधी फिट आली नाही, असं. संपल्यावर सिद्धाप्पाकाका कानाला हात लावून म्हणाले, ‘मोठ्यानं सांगा पावणं. मला ऐकू येत न्हाय.’ काका चौऱ्याऐंशीचे झाले, खरंच ऐकू येत नाही. मग त्यांना सगळं परत सांगावं लागलं, ओरडून. शेडचं दार उघडं होतं. आठही बायकांचे हात थांबले, ते मला इथं कळलं, कारण आवाज बंद झाला. काकांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘मी तुझ्या बापाबरोबर ह्याच सोप्यात बसून ते सांगितलंय. माझ्या तोंडानं सांगितलंय.’ आणि पुढं राजशेखरशी बोलले नाहीत.

संकेश्वरचे चुलते म्हणाले, तरण्या वयात होतं असं. मी म्हटलं, तुमच्या तरण्या वयात झालं असेल, माझं त्यातच गेलं. जाताना त्यांनी हो सांगितलं. शांभवीनं आठ दिवस मागितलेत. ‘आत्याचं म्हणणं ज्यांना खरं वाटलं न्हाय, त्यांना माझं वाटंल का ते बघू दे,’ म्हणाली. अमरेश चिडलाय. मी म्हटलं, मागू दे.

राजशेखर उठताना वाकायला लागले. मी पाय मागं घेतले. गाडीची वेळ सांगितली आणि आत आले. त्यांना जेवायचं विचारायला हवं होतं असं अमरेशची बायको म्हणते. मला तेवढं जमलं नाही.

ते गेल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली. चिमणाबाई स्वयंपाकघरात आली, तिनं मला ताट वाढलं आणि जेवण होईपर्यंत शेजारी बसली. मग म्हणाली, ‘आक्का, मी त्या दिशी धाकटीचं नाव घेतलं. लई वाईट बोलली मी.’ मी म्हटलं, ‘तू दोन महिने बोललीस. मी तीस वर्षं बोलत होते.’

तुझ्या मुलाच्या बारशाला मी आले नव्हते. काजूचा हंगाम आहे, असं कळवलं होतं. बारसं नोव्हेंबरात होतं. नोव्हेंबरात आजऱ्यात झाडाला मोहोरसुद्धा नसतो, हे तुला ठाऊक होतं. वास्तुशांतीलाही तेच कळवलं. मुलाच्या लग्नात कोल्हापूरला आले, ती कार्यालयातून अक्षता टाकून परत. तू एकदाही विचारलं नाहीस. तुझ्याही मनात माझ्याबद्दल होतंच, म्हणून बरं वाटत असेल, मी येत नाही ते.

तू त्यांच्याबरोबर राहतेस की नाही, हे तुझं तू ठरव. मी त्यात मत देणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. पुढच्या शनिवारी, २ तारखेला, सकाळच्या गाडीनं निघते. चार दिवस राहीन. दहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरेन.

तू घ्यायला ये. मला तुझं घर माहीत नाही.

तुझी
अक्का